तंजावरच्या भिंतीवरची मराठी

दक्षिणेच्या यात्रेला निघालेली आपली माणसं मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी करतात, वाटेत त्रिचीला श्रीरंगमचं दर्शन घेतात आणि तिथून तासा-दीड तासावर असलेलं तंजावर बहुतेक वेळा सोडून देतात. फार तर बृहदीश्वराला धावती भेट. मला याचं मनापासून वाईट वाटतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५च्या सुमारास हे राज्य घेतलं आणि १८५५ साली इंग्रजांनी ते खालसा केलं. मधली जवळपास १८० वर्षं कावेरीच्या काठावर भोसल्यांची गादी होती. पुण्यातली पेशवाई बुडाली त्यानंतरही इथे मराठी दरबार भरत होता. म्हणून या वेळी ठरवलं, दहा ठिकाणं करायची नाहीत. तंजावरला मुक्काम ठोकायचा आणि तिथूनच आजूबाजूला फिरायचं. सोबत सासूबाई, नवरा, नववीतला मुलगा आणि पाचवीतली लेक.

पहिला दिवस : मोठं देऊळ

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून रात्री उळवन एक्सप्रेस धरली की पहाटे तंजावर येतं. खोलीवर सामान टाकलं, अंघोळी उरकल्या आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली, वेण पोंगल, वडा आणि फिल्टर कॉफी घेतली. पोंगलात तुपाचा हात सढळ होता, मिरे अख्खे. सासूबाईंना खिचडीचा हा अवतार इतका आवडला की पुढे रोज सकाळी तोच.

बृहदीश्वराच्या देवळात सात-साडेसातला पोचायलाच हवं. अनवाणी चालायचं असतं आणि दहानंतर अंगणातले दगड तापतात. दुपारी साडेबारा ते चार देऊळ बंदही असतं. स्थानिक लोक याला ‘पेरिय कोविल’ म्हणतात, म्हणजे मोठं देऊळ.

आत जाताना तीन दारं लागतात. बाहेरचं मराठ्यांच्या काळातलं, मग केरळांतकन तिरुवासल आणि शेवटी राजराजन तिरुवासल. शेवटच्या दारावरचे द्वारपाल पाहून लेक थबकली. एकाच दगडातले एवढे प्रचंड, आणि चेहऱ्यावर असा भाव की आत कोण बसलाय हे त्यांनाच नीट ठाऊक आहे. मग समोर नंदी आणि त्याच्यामागे ते विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. राजराज चोळानं हे देऊळ १०१० साली पूर्ण केलं. सुमारे २१६ फूट उंच, सगळं ग्रॅनाइटमध्ये. इतर दाक्षिणात्य देवळांत गोपुर उंच आणि गाभाऱ्यावरचं विमान ठेंगणं असतं, इथे उलट आहे. नंदी मात्र चोळांचा नाही, तो नंतरच्या नायक राजांच्या काळातला. हे देऊळ कुणा एकाचं नाही, हे इथूनच कळायला लागतं.

या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं अनेक जण सांगतात. मुलानं संध्याकाळी स्वतः सावलीत उभं राहून आजीला हाक मारली, “आजी, ही बघ, अंगणभर पडलीय!” त्या बांधकामाला अशा चमत्काराची गरजच नाही. हजार वर्षं ते सरळ उभं आहे, याहून मोठं काय सांगायचं?

माझं लक्ष भिंतींकडे होतं. देवळाच्या जोत्यावर चारी बाजूंनी तमिळ शिलालेख आहेत. राजराजानं त्यात लिहवून घेतलं आहे की आपण दिलेलं, आपल्या अक्कानं दिलेलं, आपल्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं दान दगडावर कोरावं. ती अक्का म्हणजे कुंदवै. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या ४०० नर्तकींचीही नोंद आहे, नावानिशी, आणि प्रत्येकीचं घर कोणत्या आळीत कितवं हेसुद्धा. हजार वर्षांपूर्वीच्या नाचणाऱ्या बायकांचे पत्ते! राजांच्या याद्या कुठेही सापडतात, पण या बायकांची नावं कोरणारा राजा मला फार जवळचा वाटला.

आणि मग प्राकाराच्या नैऋत्य बाजूला आपला लेख. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास इथे मराठीत कोरवून घेतला. देवनागरीच्या ओळींमागून ओळी, भिंतीच्या भिंती भरलेल्या. बाजूला सगळं जग तमिळ बोलतंय, देवळाच्या दगडांवर तमिळ, आणि अचानक आपल्याला वाचता येणारं अक्षर. शब्द एकमेकांना लागून कोरलेले असल्यामुळे आधी काही उलगडत नाही. सासूबाईंनी चष्मा पुसला, बोट दगडापासून थोडं दूर धरलं आणि पोथी लावतात तसं एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. हळूहळू शब्द सुटे होत गेले. ‘राजे’ सापडलं, ‘शाहाजी’ सापडलं. मुलं दोन्ही बाजूंना उभी राहून पुढचा शब्द शोधायला लागली. तिथून आम्ही तासभर हललो नाही. येणारे-जाणारे बघत होते, एक दोघांनी फोटो काढले. पुरातत्त्व खात्याच्या रक्षकानं सासूबाईंना सावलीत बसायला जागा करून दिली.

एकाच आवारात दोन राजे दगडावर लिहून गेलेत, मध्ये आठशे वर्षांचं अंतर. सरफोजींनी राजराजाचं एक अक्षरही खोडलं नाही. भिंत मोकळी होती, तिथे आपलं लिहिलं. गणपतीचं देऊळ बांधून काढलं, ओवऱ्यांतल्या शिवलिंगांमागच्या भिंती रंगवल्या गेल्या त्याही मराठ्यांच्याच काळात. आजही भोसले घराण्याकडे या देवळाचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आहे.

दुपारचं जेवण एका साध्या मेसमध्ये, केळीच्या पानावर. क्रम ठरलेला असतो, तो मोडायचा नाही. आधी भातावर वरण-तूप, मग सांबार, मग वत्तकुळंबू म्हणजे चिंचेची दाट आमटी, मग रसम आणि शेवटी ताक. प्रत्येक वेळी नवा भात. त्या दिवशी रसवांगी होती : वांगी, डाळ, चिंच आणि वाटलेलं खोबरं. तंजावरच्या मराठी घरांतून आलेला पदार्थ म्हणून ती इथे ओळखली जाते. सांबाराबद्दलची कथा तर सर्वांना माहीत आहे : तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, आमटीत चिंच पडली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले. कथा गोड आहे, तिला इतिहासाचा आधार मात्र नाही. मला रसवांगी जास्त खरी वाटते, कारण ती अजून लोकांच्या घरात शिजते. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं, हे वाढप्यानं लेकीला हातानं करून दाखवलं.

संध्याकाळी पुन्हा देवळात. त्या वेळी अख्खं गाव अंगणात बसायला येतं. पोरं पळापळी करतात, म्हाताऱ्या वाती वळतात, कॉलेजातली मुलं गप्पा मारतात. आमचं बोलणं ऐकून एक सत्तरीचे गृहस्थ जवळ आले आणि मराठीत म्हणाले, “तुम्ही पुण्याकडचे काय?” हेल पूर्ण तमिळ, शब्द आपले. कित्येक पिढ्या इथेच. घरात मराठी बोलतात, पण लिहिता-वाचता येते ती तमिळच. सासूबाईंनी सकाळी भिंतीवर काय वाचलं ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “लहानपणापासून रोज बघतो ती भिंत. कुणी वाचून दाखवलं नव्हतं.” मग दोघं उठून पुन्हा तिकडे गेले. आम्ही फुलवालीकडून कदंबमची माळ घेतली. यात नुसता मोगरा नसतो, रंगीत फुलं आणि सुगंधी पाला एकत्र गुंफलेला असतो. तंजावरची ती खासियत.

दुसरा दिवस : राजवाडा आणि खरेदी

राजवाडा नायकांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला. आता बराच भाग पडीक आहे, पण जे उघडं आहे त्याला एक सकाळ पुरत नाही. आवारात वेगवेगळी तिकिटं काढावी लागतात. सरस्वती महाल ग्रंथालय बुधवारी बंद असतं, तेव्हा वार पाहून जा.

कलादालनातल्या कांस्यमूर्तींबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. तिरुवेंकाडू गावात जमिनीत सापडलेला वृषभवाहन शिव, १०११ सालचा. एक पाय दुसऱ्यापुढून टाकून, कोपर कुणावर तरी रेलल्यासारखा उभा. ज्या बैलावर रेललाय तो बैल आता नाही. जटांचा गुंडाळलेला फेटा, त्यात साप, ओठांवर किंचित हसू. बैल नसतानाही त्याचा भार तिथे जाणवतो. मुलगा कुठल्याही संग्रहालयात पाच मिनिटांत कंटाळतो, तो इथे मूर्तीभोवती फिरून पाठीचा कणा कसा वळवलाय ते बघत बसला. मला विचाराल तर तंजावरला येण्यासाठी ही एक मूर्ती पुरेशी आहे.

तिथेच दरबारात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, लंडनच्या जॉन फ्लॅक्समननं घडवलेला. हे राजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. इंग्रजांनी १७९९च्या तहात राज्यकारभार काढून घेतला, किल्ल्यापुरती सत्ता उरली. आणि त्या माणसानं उरलेलं आयुष्य विद्येला दिलं. ग्रंथ जमवले, धन्वंतरी महालात वैद्यकाचं काम चालवलं, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी रंगीत चित्रांसह ठेवल्या, देवनागरी छापखाना काढला. १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच इथे इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. त्यांच्याच दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम घडवला. लेक भरतनाट्यम शिकते. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत ती जो क्रम पाठ करते, तो या वाड्यात ठरला हे कळल्यावर तिनं दरबाराच्या फरशीकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

सरस्वती महालातले ग्रंथ अभ्यासकांसाठी असतात, आपल्याला संग्रहालयाचा भाग बघता येतो. ताडपत्रं, सचित्र पोथ्या, माणसांचे चेहरे प्राण्यांशी ताडून काढलेली फ्रेंच चित्रं, चीनमधल्या शिक्षांची चित्रं. ग्रंथालयात संस्कृत-तमिळबरोबर हजारो मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत. त्यातले कितीतरी अजून वाचणाऱ्याची वाट बघतायत. मोडी शिकलेल्या आपल्याकडच्या तरुणांनी इकडे यावं असं मला कळकळीनं वाटतं. विक्री विभागात ग्रंथालयाची प्रकाशनं मिळतात. सरफोजीकालीन पाककृतींचं पुस्तक सासूबाईंनी घेतलं, दुसरं कुणी हात लावण्याआधीच.

दुपारनंतर खरेदी. तंजावर चित्रं दुकानात घेण्यापेक्षा आधी कुठेतरी करताना बघा. आम्ही एका गल्लीतल्या घरात गेलो, खाली कारखाना, वर बिऱ्हाड. फळीवर कापड चिकटवतात, त्यावर खडूची भुकटी आणि डिंकाचा लेप. घासून गुळगुळीत केल्यावर रेखाटन, मग दागिन्यांच्या आणि महिरपीच्या जागी लेपानं उठाव, त्यात खडे, त्यावर सोन्याचा वर्ख आणि सगळ्यात शेवटी रंग. डोळे रंगवणं अगदी अखेरीस. पूर्वी फळी फणसाची असे, आता बहुतेक प्लायवूड. किमतीतला मोठा फरक वर्खाचा असतो. नकली वर्ख काही वर्षांत काळवंडतो, म्हणून बिलावर खऱ्या सोन्याचा वर्ख असं लिहून घ्यावं आणि चित्र थोडं तिरकं धरून पाहावं. खरा वर्ख भडक चमकत नाही, त्याचा रंग शांत असतो. आम्ही छोटासाच लोण्याचा गोळा घेतलेला कृष्ण घेतला. नवऱ्याला मोठा दरबार हवा होता, पण तो विमानात कसा न्यायचा?

सरकारी पूम्पुहार दुकानात भाव ठरलेले असतात, घासाघीस नाही, आणि वस्तू खात्रीच्या. तिथे नणंदेसाठी कलातबक घेतलं : पितळेची ताटली, त्यावर चांदीचं उठावाचं काम. ही कला सरफोजींच्या वेळेपासून चालत आलेली. लेकीनं दोन बाहुल्या निवडल्या. एक मान डोलावणारी नर्तकी, जिचं डोकं, धड आणि घागरा सुटे असून एकमेकांवर तोललेले असतात. दुसरा गोल बुडाचा राजा, कितीही ढकला, पुन्हा उभा राहतो, कारण बुडात मातीचं वजन असतं. वीणा फक्त बघितली. अख्ख्या फणसाच्या लाकडातून कोरलेल्या वीणेला एकांड वीणा म्हणतात, आणि कारागीर खोडावर बोटानं टकटक करून लाकूड पारखतो.

संध्याकाळी शिवगंगा बागेजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये डोकावलो. सरफोजींना घडवणारा हा जर्मन मिशनरी १७९८ साली वारला. त्याच्या स्मारकशिल्पात, तेही फ्लॅक्समनचंच, अंथरुणावरच्या गुरूचा हात हातात घेऊन मराठी राजा उभा आहे.

तिसरा दिवस : कुंभकोणमच्या वाटेवर

दिवसभराची गाडी ठरवली. कुंभकोणम सुमारे ४० किलोमीटर, दुतर्फा भाताची खाचरं आणि केळी.

आधी स्वामीमलई. मुरुगनच्या, म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या, सहा स्थानांपैकी हे एक. वर जायला ६० पायऱ्या, तमिळ पंचांगातल्या ६० संवत्सरांच्या. पण आम्हाला ओढ होती मूर्तिकारांची. चोळांच्या वेळची पद्धत अजून तशीच चालू आहे : मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचे थर, मग तापवून मेण बाहेर आणि पंचलोहाचा रस आत. साचा फोडूनच मूर्ती निघते, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकुलती एक. काल पाहिलेला वृषभवाहन कसा जन्मला असेल ते इथे डोळ्यांनी दिसलं, म्हणून राजवाडा आधी आणि स्वामीमलई नंतर हाच क्रम ठेवा.

दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर १२व्या शतकातलं, दुसऱ्या राजराजाचं. तंजावरचं देऊळ मान वर करून बघायचं, हे वाकून. हाताच्या पंज्याएवढ्या शिल्पांत अख्ख्या कथा आहेत. रथासारखा मंडप, त्याला दगडी चाकं आणि घोडे. एका शिल्पात बैल आणि हत्तीचं डोकं एकच आहे, एक बाजू झाकली की बैल, दुसरी झाकली की हत्ती. मुलांना ते शोधायला सांगा, सांगून टाकू नका. इथे गर्दीही फार कमी.

कुंभकोणममध्ये महामहम् कुंड पाहिलं. दर बारा वर्षांनी इथे मोठं स्नान असतं, पुढचं २०२८मध्ये. जेवणाऐवजी दुपारी डोसे आणि कडप्पा खाल्लं. मूगडाळ आणि बटाट्याची ही खसखस-बडीशेप घातलेली पातळ भाजी, या भागाबाहेर सहसा मिळत नाही. मग डिग्री कॉफी, पितळेच्या डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे पसरट वाटी आणि पेल्यात. बिनपाण्याचं दूध आणि ताजा डिकॉक्शन, बस्स. डबऱ्यातून टंबलरमध्ये उंचावरून ओतायचं कसब नवऱ्यानं इथे आत्मसात केलं.

तिरुभुवनमला रेशमी साड्या. सौराष्ट्री विणकरांचं हे गाव, सहकारी संस्थेचं दुकान मोठं आहे. सासूबाईंना डाळिंबी रंगाची, बारीक काठांची एक आवडली. दुकानदारानं पंधरा साड्या उलगडल्यावर त्यांनी पहिलीच घेतली.

शेवटचा दिवस : तिरुवैयारू

तंजावरहून तिरुवैयारू १२-१३ किलोमीटर, आणि एवढ्या वाटेत पाच नद्या लागतात : वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी. लेक एकेक पूल मोजत होती. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले थोर संतकवी त्यागराज यांची समाधी आहे. १७६७ ते १८४७, म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य मराठी राजांच्या मुलखात गेलं. सरफोजींनी दरबारात बोलावलं, संपत्ती देऊ केली आणि त्यांनी ती नाकारून ‘निधि चाल सुखमा’ हे पद गायलं, असं परंपरा सांगते. समाधीवरचं मंदिर बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेनं पुढाकार घेऊन उभारलं. त्यागराजांच्या पुण्यतिथीच्या ज्या संगीत उत्सवात, आराधनेत, आधी बायकांना गाऊ देत नसत, तिथे गाण्याचा हक्कही तिनं भांडून मिळवला. सासूबाईंनी ही गोष्ट लेकीला दोनदा सांगायला लावली.

गावातला अशोका हलवा चुकवू नका. मूगडाळ, साखर आणि भरपूर तूप, गरम गरम, द्रोणात. अर्धा किलो बांधून घेतला तो घरापर्यंत टिकला नाही.

तिथून कल्लणै धरणावरून त्रिची. करिकाल चोळानं जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कावेरीत घातलेला हा बांध आजही त्रिभुज प्रदेशाला पाणी वाटतो. विमानाची वेळ होती, म्हणून अर्धा तासच थांबलो. गंगैकोंडचोळपुरम राहिलं, समर्थांच्या शिष्यांचा मठ राहिला, समुद्राकाठचा मनोरा राहिला. त्यागराजांची आराधना पौष वद्य पंचमीला असते. विमानतळावर बसल्या बसल्या नवऱ्यानं ती पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला येते ते पाहिलं, आणि सासूबाईंनी मुलाला बजावलं की तोवर मोडी शीक.